अर्ज, अंगठा आणि सभा : गुरुग्राममधील नागरी सहभागाचा इतिहास

१

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या गुडगाव शहराचे नाव हरियाणा शासनाने २०१६ साली ‘गुरुग्राम’ असे केले. हे गाव द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून मिळाले होते, अशी जनश्रुती या नामांतरामागे आहे. याच शहराच्या हद्दीतील खांडसा या गावात एकलव्याचे एक लहान मंदिर असून, आदिपर्वातील त्या निषादपुत्राने आपला अंगठा येथेच कापून दिला, असे स्थानिक लोक सांगतात. एकाच शहराने गुरूचे नाव धारण करावे आणि त्याच शहराच्या एका गावाने अंगठा गमावलेल्या शिष्याची आठवण जपावी, ही गोष्ट नागरी समतेचा विचार करणाऱ्याला थांबवणारी आहे.

अंगठ्याला मराठी भाषेत आणखीही एक इतिहास आहे. निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची रीत जुनी आहे. सही न येणारा माणूस सावकाराच्या आणि सरकारच्या कागदावर अंगठा उठवतो, म्हणजे न वाचलेल्या मजकुराला संमती देतो, हा त्यामागचा अनुभव. एकविसाव्या शतकात मात्र अंगठ्याचा ठसा साक्षर-निरक्षर या दोघांचीही ओळख पटवण्याचे अधिकृत साधन बनला. शिधावाटप, निवृत्तिवेतन, बँकेतील खाते अशा अनेक ठिकाणी यंत्रावर बोट टेकवणे हा नागरिकत्वाच्या नित्य व्यवहाराचा भाग झाला. या बदलाचे वर्णन सर्वसाधारणपणे समतेकडे टाकलेले पाऊल असे केले जाते. ते कितपत खरे आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

विचारविनिमयात्मक लोकशाही ही संकल्पना येथे पुढील अर्थाने वापरली आहे : निर्णयाची वैधता केवळ मतांच्या बेरजेतून येत नाही; ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे त्यांनी एकमेकांना कारणे देण्यातून आणि एकमेकांची कारणे ऐकण्यातून ती येते. युर्गेन हाबरमास यांनी सार्वजनिक अवकाशाच्या घडणीविषयीचा आपला ग्रंथ १९६२ साली जर्मन भाषेत लिहिला. तो १९८९ मध्ये इंग्रजीत आला आणि लगेच १९९० मध्ये नॅन्सी फ्रेझर यांनी त्यावर मूलगामी आक्षेप घेतला. सभेच्या दारावर सर्वांना मुभा असली तरी आत गेल्यावर सामाजिक विषमता नाहीशी होत नाही. तिच्याकडे डोळेझाक केली जाते एवढेच, असा त्या आक्षेपाचा आशय होता. गुरुग्रामच्या इतिहासात हा प्रश्न अधिक टोकदार रूपात उभा राहतो. येथे अर्ज करण्याचे आणि ओळख पटवण्याचे मार्ग वाढले. परंतु जिच्यात बसून बोलावे अशी सभा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. अर्ज, अंगठा आणि सभा या तीन गोष्टींचा परस्परसंबंध तुटला की सहभाग वाढूनही समता येत नाही, असे या इतिहासावरून दिसते.

२

हा संबंध पूर्वी कसा होता हे पाहण्यासाठी मराठी कागदपत्रांकडे वळणे उपयुक्त ठरेल. सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाचे आणि सीमेचे तंटे गोतसभेपुढे येत. दोन्ही पक्षांचे म्हणणे, साक्षी आणि निर्णय यांची नोंद ज्या लेखात होई तो महजर. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या व्यवस्थेचा साक्षेपी अभ्यास केला आहे. महजरात सभेस हजर असलेल्यांची नावे येत आणि त्यांच्या सह्या किंवा निशाण्या केल्या जात. पाटील नांगराची निशाणी करी. अक्षर न येणारे इतर गावकरीही आपापल्या व्यवसायाच्या खुणेने आपली उपस्थिती नोंदवीत. सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष विशेष मोलाची मानली जाई.

गोतसभा ही समतेची सभा नव्हती, हे स्पष्टच आहे. तेथील बसण्याचा क्रम, मान आणि बोलण्याचा अधिकार हे सारे जातिव्यवस्थेने ठरवलेले होते. तरीही तिच्या लेखनपद्धतीत एक गोष्ट लक्षणीय आहे. निरक्षराची निशाणी तेथे ‘हा मनुष्य तोच आहे’ एवढेच सांगत नव्हती. ‘हा मनुष्य हजर होता, त्याने ऐकले आणि निर्णयात तो सहभागी आहे’ असे सांगत होती. खूण आणि सभा एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या नव्हत्या.

वसाहतकाळात या नात्याचे स्वरूप पालटले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून तिचा उगम झाला आणि गणेश वासुदेव जोशी तिच्यामुळेच ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाऊ लागले. या सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांनी सही करून दिलेले मुखत्यारपत्र लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांची अशी मुखत्यारपत्रे होती. कोणत्याही कायद्याने निवडणुकीचा अधिकार दिलेला नसताना, ‘आपण कोणाच्या वतीने बोलतो’ हे कागदावर दाखवण्याची ही खटपट होती. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका हातमागाच्या खादीचा पोशाख करून सभेच्या वतीने मानपत्र घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे हेच बळ होते.

तथापि ‘सार्वजनिक’ या विशेषणाच्या कक्षेत कोण येते, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित राहू शकला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारणारे आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपले जुळणे शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. निमंत्रण असणे आणि समान असणे यांतील अंतर या पत्राने दाखवून दिले. फ्रेझर यांच्या आक्षेपाच्या शंभरावर वर्षे आधी तोच मुद्दा मराठीत आला होता, हे तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब आंबेडकरांनी तो आणखी पुढे नेला. मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, व्यक्तींचेही प्रतिनिधित्व हवे. म्हणजे अस्पृश्यांच्या हिताविषयी दुसऱ्याने बोलणे वेगळे आणि त्यांनी स्वतः सभेत असणे वेगळे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

महजरातील निशाणी, सार्वजनिक सभेचे मुखत्यारपत्र आणि फुले-आंबेडकरांचा आक्षेप यांतून तीन कसोट्या मिळतात. बोलणाऱ्याची नोंद होते का? तो कोणाच्या वतीने बोलतो हे ठरलेले आहे का? आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते ते स्वतः हजर आहेत का? गुरुग्रामचा नागरी इतिहास या कसोट्यांवर पारखता येतो.

३

गुडगाव हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत दिल्लीच्या छायेतील जिल्ह्याचे गाव होते. हरियाणाने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांच्या विकास व नियमनाचा कायदा केला आणि खाजगी विकसकांना परवाने देऊन वसाहती उभारण्याचा मार्ग खुला झाला. १९७७ मध्ये राज्याचे नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे ‘हुडा’, अस्तित्वात आले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. उदारीकरणानंतर बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये आली आणि लोकसंख्या झपाट्याने वाढली. २००१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७३ हजार वस्तीचे नगरपालिका क्षेत्र २०११ मध्ये, हद्दवाढीसह, सुमारे ८ लाख ७७ हजारांवर पोहोचले.

नागरी सहभागाच्या दृष्टीने या वाढीचे वैशिष्ट्य असे की शहर आधी आले आणि नगरसंस्था नंतर. परवानाधारक वसाहतींत रस्ते, गटारे, दिवाबत्ती ही कामे विकसकाकडे होती; त्यांचा मोबदला रहिवासी देखभाल-शुल्काच्या रूपाने देत. हुडाची सेक्टरे प्राधिकरणाच्या ताब्यात होती. वसाहतींच्या मधोमध उरलेल्या जुन्या गावांचे गावठाण, ज्याला तिकडे ‘लाल डोरा’ म्हणतात, या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर होते. याच गावांतील जमीनमालकांनी एकेका खोलीच्या चाळी बांधल्या आणि बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशा येथून आलेले कामगार त्यांत भाड्याने राहू लागले. अशा रीतीने एका शहरात तीन प्रकारचे रहिवासी झाले : सदनिकेचा किंवा भूखंडाचा मालक, गावाचा मूळ रहिवासी आणि भाडेकरू स्थलांतरित.

यांपैकी पहिल्या वर्गाने रहिवासी कल्याण संघ स्थापन केले. बोलीभाषेत ‘आरडब्ल्यूए’ म्हणून ओळखले जाणारे हे संघ विकसकाशी आणि प्राधिकरणाशी पाण्यासाठी, विजेसाठी, रस्त्यांसाठी चिकाटीने झगडत आले आहेत. त्यांचे हे कार्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. परंतु त्यांचे सभासदत्व सामान्यतः मालकीशी जोडलेले असते. ज्या वसाहतीत पहारेकरी, माळी, सफाई कामगार, मोलकरणी दिवसाचा मोठा भाग घालवतात, त्या वसाहतीच्या बैठकीत त्यांना स्थान नसते. शेजारच्या दिल्लीत २००० साली सुरू झालेल्या ‘भागीदारी’ योजनेतही नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून मुख्यतः नियमित वसाहतींचे असे संघच पुढे आले होते. पार्थ चटर्जी यांनी २००४ मधील आपल्या विवेचनात नागरी समाज आणि राजकीय समाज असा जो भेद केला, तो येथे जणू नकाशावर आखलेला दिसतो : एकाकडे हक्काची भाषा, दुसऱ्याकडे सवलतीची याचना.

सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्राशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. १८७० चा सभासद पन्नास माणसांची संमती घेऊन येई. संघाचा पदाधिकारी मालमत्तेच्या नोंदीतून येतो. दोन्हींत निरक्षर आणि निर्धन बाहेर राहण्याचा धोका आहे. मात्र पहिल्यात इतरांच्या दारी जाण्याची सक्ती होती, दुसऱ्यात ती नाही.

गुरुग्रामला महानगरपालिका मिळाली ती २००८ मध्ये. त्याच वर्षी हरियाणाने नगरपालिका क्षेत्रांतील नागरिक सहभागाचा कायदा केला; त्यात प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा यांची तरतूद होती. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेच्या अटींत असा कायदा होता. महाराष्ट्रातही २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. खेड्यातील ग्रामसभेप्रमाणे मतदारयादीतील प्रत्येकाला शहरात सभा मिळावी, ही त्यामागील कल्पना होती. पण मे २०११ मध्ये पहिली निवडणूक झाल्यावरही क्षेत्रसभा ही गुरुग्रामच्या नागरी जीवनातील नित्याची संस्था झाली नाही. दुसरी निवडणूक सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या अखेरीस संपली आणि तिसरी निवडणूक २ मार्च २०२५ रोजी झाली. दरम्यानची दोन वर्षांहून अधिक काळ हे शहर निर्वाचित सभागृहाविना चालले. २०१७ च्या कायद्याने महत्त्वाची नागरी कामे ज्या महानगर विकास प्राधिकरणाकडे सोपवली, त्याचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. सभागृह नसल्याने शहराचा दैनंदिन कारभार थांबला नाही, ही गोष्टच सभागृहाच्या दुबळेपणाची साक्ष मानावी लागेल.

४

सभा अशी क्षीण असताना अर्जाचे मार्ग मात्र विस्तारत गेले. २५ डिसेंबर २०१४ रोजी हरियाणात ‘सीएम विंडो’ ही तक्रारव्यवस्था सुरू झाली. खिडकीवर दिलेली तक्रार संगणकावर नोंदवायची, अर्जदाराला क्रमांक द्यायचा आणि पुढील कार्यवाही त्या क्रमांकावरून पाहता यावी, असे तिचे स्वरूप होते. १ जुलै २०१५ पासून केंद्राच्या डिजिटल इंडिया कार्यक्रमाने अशा व्यवस्थांना देशव्यापी चालना दिली. कचेरीत खेटे घालणे, कारकुनाची मनधरणी करणे, अर्ज गहाळ होणे हा अनुभव ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला, त्यांच्या दृष्टीने अर्जाला क्रमांक मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु अर्ज हा एक लेखनप्रकारही आहे, आणि प्रकार बदलला की त्यातील नागरिकही बदलतो. जुन्या मराठी अर्जात ‘मायबाप सरकार’ असे आर्जव असले तरी त्यात हकिकत असे : काय घडले, कोणामुळे घडले, आपली परिस्थिती कशी आहे आणि न्याय कोणता हवा. सामुदायिक अर्जात तर अनेकांनी एकत्र बसून मजकूर ठरवावा लागे. तक्रारीच्या ठरावीक नमुन्यात रस्ता, पाणी, कचरा, दिवे असे रकाने आधीच ठरलेले असतात. दोन रकान्यांमध्ये येणारे किंवा कोणत्याच रकान्यात न बसणारे दुःख नोंदवता येत नाही. शिवाय तक्रार एकट्याची असते. एकाच गल्लीतील शंभर जणांनी शंभर तक्रारी केल्या तरी ते एकमेकांना भेटलेले नसतात. व्यवस्थेच्या दृष्टीने शंभर क्रमांक ‘निकाली’ निघतात.

याहून गंभीर बाब म्हणजे तक्रारीत दुसरा पक्ष अनुपस्थित असतो. पदपथावरील हातगाडीविरुद्ध सदनिकाधारकाची तक्रार नोंदली जाते. हातगाडीवाल्याचे म्हणणे त्या नमुन्यात येत नाही. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी आणि तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, अशी तरतूद केली आहे. म्हणजे ज्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनी समोरासमोर बोलावे असे संसदेने ठरवले, तोच प्रश्न तक्रारीच्या वाटेने गेल्यास केवळ एका पक्षाच्या म्हणण्यावर सुटतो. महजराच्या काळीही वादी-प्रतिवादी या दोघांचे ऐकल्याशिवाय निर्णय लिहिला जात नसे.

अर्ज आणि सभा एकत्र असल्या म्हणजे काय घडते, याचे उदाहरण मुंबईच्या कामगार इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचा अर्ज कारखाना आयोगापुढे गेला. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तेथे दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये साप्ताहिक सुटीची मागणी गिरणीमालकांच्या संघटनेने मान्य केली. त्या अर्जावर सही किंवा अंगठा करणाऱ्यांत अक्षर न येणारे पुष्कळ असणार. पण त्यांचा अंगठा सभेतून आलेला होता.

५

हरियाणात मात्र निरक्षराच्या अंगठ्यालाच सभेबाहेर ठेवण्याचा प्रसंग २०१५ मध्ये आला. पंचायत राज दुरुस्ती कायद्याने पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांसाठी शैक्षणिक पात्रता घातली : सर्वसाधारण पुरुषास दहावी, स्त्रिया व अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी त्याहून कमी, पण तरीही ठरावीक इयत्ता. घरात शौचालय असणे, कृषिकर्जाची व वीजबिलाची थकबाकी नसणे याही अटी होत्या. गुरुग्राम जिल्ह्यातील, महानगरपालिकेबाहेरील गावांनाही त्या लागू झाल्या. ‘राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात १० डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा वैध ठरवला. शिक्षणामुळे माणसाला बरेवाईट ओळखण्याची शक्ती येते, अशा आशयाचे कारण निकालात दिलेले आहे.

या युक्तिवादाला मराठी वैचारिक परंपरेने आधीच उत्तर दिले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी दाखवून दिले होते की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. ज्या राज्याने एखाद्या स्त्रीला लहानपणी शाळा दिली नाही, त्याच राज्याने पुढे तिच्या निरक्षरतेवरून तिला पंचायतीबाहेर ठेवणे, हा त्याच अन्यायाचा उत्तरार्ध ठरतो. या अटींचा सर्वाधिक भार ग्रामीण दलित स्त्रियांवर पडावा, हे त्यांच्या साक्षरतेच्या इतिहासाकडे पाहता अटळच होते. मतदार म्हणून त्यांचा अंगठा चालतो. सभेतील सदस्य म्हणून चालत नाही.

डिजिटल ओळखीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वितरित झाले. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नाही त्यांना ओळख देणे, हा या योजनेमागे सांगितलेला हेतू होता आणि त्यात तथ्यही होते. पण यंत्रावरील ठसा केवळ देहाची खात्री करतो. तो देणारा काय म्हणतो, हे विचारण्याची सोय त्यात नाही. श्रमाने रेषा झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही, तेव्हा तर देह समोर असूनही माणूस अनुपस्थित ठरतो. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधारची चौकट वैध मानली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत अशा वगळणुकीचा प्रश्न उपस्थित केला.

२०२१ मध्ये करोनाच्या साथीत ही विषमता प्राणांशी भिडली. १ मेपासून १८ ते ४४ वर्षे वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, परंतु आरंभी त्यासाठी को-विन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. संगणक अनुक्रमे ४.४ आणि २३.४ टक्के कुटुंबांकडे होते. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीकडे लक्ष वेधले आणि पुढील महिन्यात थेट केंद्रावर नोंदणीची मुभा सर्वत्र मिळाली. गुरुग्रामसारख्या, माहिती-तंत्रज्ञानाचे केंद्र म्हणून मिरवणाऱ्या शहरातही कंपनीतील अधिकारी आणि त्याच्या घरी स्वयंपाक करणारी बाई यांच्यामध्ये हीच दरी होती. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. आम्लहल्ल्यात जखमी झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ओळख-पडताळणीच्या यंत्रापुढे येणाऱ्या अडचणींतून हा निकाल निघाला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

६

मग तंत्रज्ञान सभेला पोषक ठरूच शकत नाही काय? गुरुग्रामचाच इतिहास या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देऊ देत नाही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे तत्त्व मांडले. पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी मिळाली आणि २००९ मध्ये ‘गुडगाव की आवाज’ हे केंद्र सुरू झाले. स्थलांतरित कामगार आणि आसपासच्या गावांतील लोक हा त्याचा मुख्य श्रोतृवर्ग होता. हरियाणवी, हिंदी, भोजपुरी अशा बोलींत कार्यक्रम होत. श्रोते दूरध्वनी करून बोलत आणि गावचा मूळ रहिवासी व त्याचा भाडेकरू एकाच कार्यक्रमात ऐकू येत. येथे साक्षरतेची अट नव्हती, मालकीचीही नव्हती. बोली ही उणीव न ठरता माध्यम ठरली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी. मात्र सामुदायिक रेडिओला बातम्या आणि राजकीय घडामोडी स्वतंत्रपणे प्रसारित करण्यास धोरणानेच मनाई केली होती. सहभागाची मुभा दिली, पण विषयाची मर्यादा आखून दिली.

छापील माध्यमातही असा एक प्रयत्न दिसतो. १९८२ पासून निघू लागलेले ‘फरीदाबाद मजदूर समाचार’ हे छोटे हिंदी पत्र पुढे गुडगावच्या उद्योग विहार आणि मानेसर भागांतही विनामूल्य वाटले जाई. कारखान्यांतील कामगारांनी सांगितलेल्या हकिकती हाच त्याचा मुख्य मजकूर असे. लोखंड्यांच्या ‘दीनबंधु’शी आणि १९२० च्या ‘मूकनायका’शी त्याचे नाते थेट वारशाचे नाही, पण ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांनीच बोलावे, या आग्रहाचे निश्चित आहे.

अशा माध्यमांना मर्यादा आहेत. त्यांत लोक बोलतात आणि एकमेकांचे ऐकतातही. पण निर्णय घेणारा तेथे हजर असेलच असे नाही. डिजिटल अवकाश तर आदेशाने बंदही होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नूहमधील हिंसाचारानंतर गुरुग्राम जिल्ह्यातील सोहना, पटौदी आणि मानेसर या भागांत मोबाइल इंटरनेट काही दिवस खंडित होते. सभेला जागा आणि अधिकार ही दोन्ही लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने ती एकत्र आणून दाखवली. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिच्या चर्चेला प्रत्यक्ष संसाधनांवरील अधिकाराचे पाठबळ लाभले. पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव आणि लाखोंचे महानगर यांची सरळ तुलना अर्थातच होऊ शकत नाही. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणाविरुद्ध दिलेला इशाराही विसरता येत नाही. तथापि लहान क्षेत्र, प्रत्येक प्रौढाला स्थान आणि ठरावाला कायदेशीर वजन या तीन गोष्टी शहरी क्षेत्रसभेच्या कायद्यातही गृहीत धरलेल्या आहेत.

७

जुलै २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बांगलाभाषक स्थलांतरितांच्या ओळखपत्रांची पडताळणी करण्यासाठी पोलिसांनी मोहीम काढली. अनेक कामगारांना तात्पुरत्या केंद्रांत ठेवण्यात आले आणि भयापोटी अनेक कुटुंबे शहर सोडून गेली. त्यांत कचरा वेचणारे आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या जाण्याने वसाहतींतील कचरा साचू लागला, तेव्हा त्यांची अनुपस्थिती जाणवली. त्यांतील अनेकांपाशी आधारपत्र होते, म्हणजे अंगठा होता. पण त्यांच्याविषयी निर्णय होत असताना ज्या ठिकाणी त्यांना बोलता आले असते असे एकही ठिकाण शहरात नव्हते.

आरंभी मांडलेल्या तीन कसोट्यांवर पाहता गुरुग्रामने पहिली कसोटी बऱ्याच अंशी पार केली आहे : बोलणाऱ्याची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो. दुसरी कसोटी मालमत्तेच्या आणि प्रतिनिधित्वाच्या गुंत्यात अडकली आहे. तिसरी, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांनी हजर असण्याची, कसोटी मुख्यतः सरकारी व्यवस्थेबाहेरच्या रेडिओने आणि कामगारांच्या पत्राने पेलण्याचा प्रयत्न केला, नगरशासनाने नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील ज्या विसंगतीचा उल्लेख केला, तिचे डिजिटल युगातील रूप हे आहे. प्रत्येकाचा ठसा समान मोलाचा आहे. प्रत्येकाचा शब्द नाही.

यावर उपाय नव्या उपकरणात शोधण्यापूर्वी २००८ चा नागरिक सहभाग कायदा आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा यांतील सभा व समित्या नियमित भरवणे, त्यांत भाडेकरूला आणि निरक्षराला स्थान देणे आणि तेथे झालेल्या म्हणण्याला प्रशासनाने लेखी उत्तर देणे, एवढे तरी घडावयास हवे. तंत्रज्ञानाचा उपयोग त्या सभेचे वृत्त बोलीत ऐकवण्यासाठी आणि गैरहजर राहावे लागणाऱ्या कामगाराचा आवाज तेथे पोहोचवण्यासाठी होऊ शकतो. खांडशाच्या मंदिरात ज्याची आठवण जपली जाते, त्याच्याकडून अंगठा मागण्यापूर्वी त्याचे म्हणणे कोणी विचारले नव्हते. त्या गुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराला ते विचारण्याची सोय करून देणे आज कायद्यानेच शक्य आहे.